पेण-रोह्याची गुरे आणि मिथेनचा ताळा

मुंबई सरकारने १८८३ साली गॅझेटिअरचा अकरावा खंड छापला, कुलाबा आणि जंजिरा यांचा. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या या मालिकेत दर जिल्ह्याच्या शेतीच्या प्रकरणात जनावरांची मोजदाद येते. नांगर किती, गाड्या किती, बैल किती, गाई, रेडे, म्हशी, घोडी, गाढवे, शेळ्यामेंढ्या किती, अशा क्रमाने. सुरुवात नांगरापासून होते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मोजणाऱ्याला दुधाची चिंता नव्हती, हवेची तर कल्पनाच नव्हती. त्याला हवे होते ते एवढेच, की या रयतेच्या अंगात सारा भरण्याची ताकद किती. जोत असलेला कुणबी सारा देऊ शकतो, म्हणून बैल मोजायचे.

आज तेच आकडे आपण वेगळ्याच कामासाठी उलगडतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन तयार होतो, आणि त्यातला बहुतेक ढेकरेवाटे तोंडातून बाहेर पडतो. तेव्हा जुन्या नोंदींतली डोकी घ्यावीत, प्रत्येक डोक्यामागे वर्षाला अमुक किलो धरावेत, गुणाकार करावा, की झाला दीडशे वर्षांचा मिथेनचा इतिहास. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरता हा हिशेब नेटाने मांडायला बसले, की एकेक पायरीवर कागद अडवतो. माझ्या मते या अडवण्यातच खरा इतिहास आहे.

पहिली अडचण हद्दीची. १८८३ च्या खंडातल्या कुलाबा जिल्ह्यात अलिबाग, पेण, रोहा, माणगाव आणि महाड एवढेच तालुके होते. पनवेलचे वर्णन वाचायचे तर ठाण्याचा खंड उघडावा लागतो. पनवेल १८८३ मध्ये कुलाब्याकडे आले, कर्जत १८९१ मध्ये. १८८१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची माणसे ३,८१,६४९ होती आणि १९०१ मध्ये ती ६,०५,५६६ झाली. वीस वर्षांत कुलाब्यात माणसांचे पीक आले नव्हते, सीमारेषा सरकली होती. माणसांचे जे झाले तेच गुरांचे. १९४८ नंतर जंजिरा संस्थानातले मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन आले, भोर संस्थानातले सुधागड आले. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचे रायगड झाले. या वाटेत जिल्ह्याच्या एकूण गुरांचा आकडा दर टप्प्याला फुगतो, आणि त्यावरून जर कोणी म्हणाले की कोकणाचा मिथेन एवढ्या पटींनी वाढला, तर तो माणूस मामलेदार कचेरीतल्या फेरफारांचे उत्सर्जन मोजतो आहे.

म्हणून जिल्हा सोडून तालुका धरावा. तिथेही नागोठणे आडवे येते. गॅझेटिअरच्या काळात नागोठणे हा पेण तालुक्याचा पेटा होता, आज ते रोहा तालुक्यात आहे. म्हणजे अंबा नदीच्या काठावरची ती सगळी दावण जुन्या नोंदीत पेणच्या खात्यावर आणि नव्या नोंदीत रोह्याच्या खात्यावर. एकटे पेण घेतले तर गुरे फार घटलेली दिसतील, एकटे रोहे घेतले तर त्यांची घट झाकली जाईल. दोन्ही तालुके एकत्र धरले तरच तुलना बऱ्याच अंशी जागच्या जागी राहते. पेण-रोहा ही जोडी मी एवढ्यासाठी एक मानतो.

एक मानली तरी आतून ती एकसारखी नाही. पेणच्या पश्चिमेला वाशी, वडखळ, शिर्की, दादर, रावे हा खारेपाट. खाडीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन. शिलोत्री धाऱ्याची, म्हणजे अशा जमिनीच्या धारणापद्धतीची, परंपरा याच बांधबंदिस्तीतून आली, आणि १९४८ चा मुंबई खारजमीन कायदाही याच बांधांच्या देखभालीसाठी झाला. या खाऱ्या भाताच्या शेतीचे वर्णन एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत स्वच्छ सापडते. तिथे नांगर चालत नाही, खत घालत नाहीत. जूनच्या पावसाने माती भिजून मऊ झाली की बी चिखलात फेकायचे, किंवा पाणी साचत असेल तर आधी भिजवून, मोड आणून, मग पाण्यावर टाकायचे. लावणी नाही. रोप दाट झाले तर विरळ करायचे.

याउलट रोह्याकडे, कुंडलिकेच्या खोऱ्यात, कोलाड-धाटावपासून घोसाळ्याच्या डोंगरापर्यंत गोडी जमीन. तिथे सगळा खेळ जनावरांचा. उन्हाळ्यात शेणाचा थर, त्यावर झाडांची टहाळी, पालापाचोळा, गवत, वर माती, आणि मग पेटवून राब भाजायचा. पाऊस लागला की नांगरट, उखळणी, चिखळणी. गुडघाभर चिखलात बैल दमतो, रेडा टिकतो, म्हणून भातखाचरात रेड्यांचेही जोत. मग लावणी. म्हणजे एकाच भाताच्या दाण्यामागे खारेपाटात जवळजवळ शून्य बैलकाम आणि रोह्याच्या खाचरात चार-सहा महिन्यांची दावण. दोन तालुक्यांची डोकी मोजून मिथेनची तुलना केली, तर रोहा 'जास्त सोडणारा' आणि खारेपाट 'कमी सोडणारा' दिसेल. त्याचे कारण रोहेकरांची हौस नव्हे, मातीतले मीठ.

त्या मिठाची आणखी एक गंमत विज्ञानाने नंतर सांगितली. पाणथळ शेतात ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन करतात, पण समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट आले की दुसऱ्या जातीचे जीवाणू अन्नावर आधी ताव मारतात आणि मिथेन करणारे मागे पडतात. तेव्हा खारेपाट दोन्ही अंगांनी हलका.

राबाच्या निमित्ताने आणखी एक दप्तर तयार झाले. १८८० च्या दशकात जंगल खात्याने टहाळी तोडायला आणि गुरे चारायला बंधने घातली, ठाणे-कुलाब्यात ओरड झाली, आणि सरकारने वन आयोग नेमला. १८८७ चा त्याचा अहवाल याच दोन जिल्ह्यांचा आहे. राब खरेच लागतो का, की ती कुणब्याची जुनी खोड, हे तपासायला शेतीखात्याचे संचालक ओझॅन यांनी प्रयोगही केले. माझ्या हिशेबाला या कागदांचे मोल असे, की शेण इथे कुठे जात होते हे त्यांतून कळते. शेण साठवून, पाण्यात कालवून ठेवले तर त्यातून मिथेन सुटतो. वाळवून पसरले आणि राबात जाळले, तर त्याचा मिथेन नगण्य. म्हणून पेण-रोह्याच्या जुन्या हिशेबात शेणाचा रकाना जवळजवळ रिकामा ठेवावा लागतो. जे काही आहे ते जनावराच्या ढेकरेत.

आता गुणकाकडे, म्हणजे डोक्यामागे धरायच्या किलोंकडे येऊ, कारण सगळे पाणी तिथे मुरते. एक घर समजा: जोताचे दोन बैल, एक गावठी गाय, एक म्हैस, दोन वर्षांची एक कालवड. गोठा तोच, दावण तीच.

पॉल क्रुत्झन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जगभरच्या पाळीव जनावरांच्या मिथेनचा पहिला पद्धतशीर अंदाज बांधला, वर्षाला ७ कोटी ४० लाख टन. विकसनशील देशातल्या गुराला त्यांनी वर्षाला ३५ किलो दिले, म्हशीला ५०. आपल्या घराची बेरीज १९० किलो. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) १९९६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडाच्या दुभत्या गाईला ४६, इतर गुरांना २५, म्हशीला ५५. बेरीज १७६. त्याच मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत गाय ५८ वर गेली, इतर गुरे २७ वर, म्हैस ५५ वरच. बेरीज १९४. भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये २००७ सालची राष्ट्रीय मोजदाद प्रसिद्ध केली, तिच्यासाठी इथल्या जनावरांवरून काढलेले गुणक वापरले: दुभती देशी गाय २८, संकरित गाय ४३, दुभती म्हैस ५०, मोठा देशी बैल ३२, एक ते तीन वर्षांचे देशी जनावर २३. बेरीज १६५.

दावणीला एक वासरूही वाढले नाही, कमी झाले नाही, आणि आकडा १६५ पासून १९४ पर्यंत फिरून आला. एकटी गाय घेतली तर तीच गाय एका पुस्तकात २८ किलोची, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात ४६, चौथ्यात ५८. म्हणजे १९८२ ची पशुगणना एका पुस्तकाने आणि २०१२ ची दुसऱ्या पुस्तकाने गुणली, तर मधल्या तीस वर्षांत गोठ्यात काय घडले ते दिसणारच नाही. पुस्तकांत काय घडले ते दिसेल. त्यावर कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य वजनात रूपांतर करायचे तर आणखी एक गुणक. मिथेनचा शंभर वर्षांचा तापक प्रभाव मंडळाच्या १९९५ च्या अहवालात २१ पट, २००७ मध्ये २५, २०१३ मध्ये २८. आपल्या १६५ किलोंच्या घराचे एका हिशेबात ३,४६५ किलो होतात आणि दुसऱ्यात ४,६२०. एक तृतीयांश वाढ, आणि गाय बिचारी तेच भाताण चघळते आहे.

हे मी शास्त्रज्ञांना कमी लेखायला सांगत नाही. गुणक सुधारत जाणे हेच शास्त्राचे काम. पण जो इतिहास लिहितो त्याने सगळ्या काळाला एकच गुणक लावावा आणि तो कोणता ते उघड सांगावे. मी २०१० चा भारतीय गुणक पत्करतो, कारण तो वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे फोडलेला आहे. कोकणातले गावठी गुरू अंगाने लहान. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता त्याला 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे. एवढ्याशा जनावराला उपखंडाची सरसकट सरासरी लावणे अन्यायाचे आहे.

आणि तरीही 'वेगवेगळ्या प्रदेशांची तुलना' म्हटले की सरासरीच पुढे येते. त्याच १९९६ च्या तक्त्यात उत्तर अमेरिकेची दुभती गाय वर्षाला ११८ किलो मिथेन सोडते, पश्चिम युरोपची १००, आपल्या उपखंडाची ४६. डोक्यामागे पाहिले तर या तिघींत आपली गाय सर्वांत सौम्य. पण तक्त्यात दुधाचाही रकाना आहे: अमेरिकेत वर्षाला ६,७०० किलो, पश्चिम युरोपात ४,२००, इथे ९००. भागाकार केला की अमेरिकेच्या किलोभर दुधामागे साधारण १८ ग्रॅम मिथेन, युरोपच्या मागे २४, आणि आपल्या मागे ५१. त्याच तक्त्यावरून एक वाचक आपल्याला निर्दोष ठरवतो आणि दुसरा या तिघांत सर्वांत वाईट.

दोघेही चुकतात, कारण दोघांनीही नांगर मोजला नाही. रोह्याच्या त्या घरातली गाय लिटरभर दुधासाठी ठेवलेली नव्हती. तिने बैल द्यावा म्हणून ती होती. तिचे शेण राबाला लागे, घर सारवायला लागे. दूध निघाले तर पोरांना. बैलाचे ३२ किलो भाताच्या खात्यावर मांडायला हवेत, राबाचे भाताच्या खात्यावर, आणि उरलेले थोडेसे दुधाच्या. १८८३ च्या कारकुनाने नांगर पहिल्या रकान्यात ठेवला होता, त्याला हे माहीत होते. मजा म्हणजे हवामान मंडळाचा तक्ताही उपखंडाच्या रकान्याशेजारी नोंद करतो की इथली बहुतेक बैलजात ओढकामाला आहे आणि इथली गुरे जगात सर्वांत लहान चणीची. पण तक्त्यातून पुढे जाते ती संख्या, नोंद मागे राहते.

हा वाद दिल्लीत १९९१ मध्ये मोठ्या आवाजात झाला. अमेरिकेतल्या जागतिक संसाधन संस्थेने १९९० मध्ये देशांची यादी लावली, त्यात भाताच्या शेतांचा आणि गुरांचा मिथेन धरून भारताला पहिल्या पाचांत बसवले. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी पुस्तिका काढून उत्तर दिले: जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एका तागडीत घालू नका. त्याच वर्षी ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने देशभरच्या भातशेतांत प्रत्यक्ष मोजमाप केले. अमेरिकी पर्यावरण संस्थेचा अंदाज होता वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन. मोजल्यावर निघाले ४० लाखांच्या आसपास. भाताचा आरोप नऊ पटींनी उतरला. गुरांचा मात्र उतरला नाही. २००७ च्या राष्ट्रीय मोजदादीत जनावरांच्या पोटातला मिथेन सुमारे १ कोटी १ लाख टन आणि भाताचा ३३ लाख टन. देशाच्या एकूण मिथेनपैकी निम्मा दावणीचा. अगरवाल-नारायण यांची बाजू मला न्यायाची वाटते, पण न्यायाने वजन कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

काळ पुढे सरकतो तसे कागद बदलतात. १९१९-२० मध्ये देशातली पहिली पंचवार्षिक पशुगणना झाली. १९६४ मध्ये कुलाब्याचे नवे गॅझेटिअर निघाले. पुढे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन या पुस्तिकांत तालुकावार पशुधन येऊ लागले. गावात तलाठ्याच्या दप्तरी गाव नमुना तेरा: लोकसंख्या आणि जनावरे. या सर्वांत रकाने हळूहळू 'नांगर' पासून 'दुभते' आणि 'संकरित' कडे सरकलेले दिसतात. एका साली मोजलेल्या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे ओस पडत. परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले तरी लस गावोगाव पोचायला अर्धे शतक लोटले. भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला तो २००६ मध्ये. साथीच्या पुढच्या वर्षी मोजलेली घट ही कायमची घट नव्हे.

शिवाय काही जनावरे कोणत्याच तालुक्याची नव्हती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू होण्याआधी मीठ आणि भात न्यायला घाटावरून लमाणांचे बैलतांडे कोकणात उतरत. ते इथले गवत खात, मिथेन इथेच सोडत, आणि मोजणी होण्याआधी परत चढत. उलट ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरून मुंबईच्या तबेल्यांना गवत जाई. चारा इथला, ढेकर मुंबईची. रोह्याच्या डोंगरातले गवळी धनगर तर चाऱ्यापाण्याप्रमाणे म्हशी घेऊन हलत. लोणी-तूप विकून जगणाऱ्या या समाजाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. एका जागी बसून केलेल्या गणनेत फिरता कळप कधी दोनदा येतो, कधी येतच नाही.

गेल्या चाळीस वर्षांत या जोडीत जे झाले ते डोळ्यांना दिसते. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा कारखाना, धाटावला रासायनिक वसाहत, डोलवीला पोलाद. खाचरात पॉवर टिलर. भिऱ्याचे वीजघर १९२७ चे, त्याचे पाणी कुंडलिकेत येते आणि रोह्याच्या काही गावांना उन्हाळ्यात दुसरे पीक देते. दुसरे पीक उभे असले की भात कापल्यावर गुरे मोकळी सोडता येत नाहीत. राखणी कोण करणार? बैल आधी गेले, रेडे त्यांच्या मागोमाग. राज्याचाही कल तोच. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये १ कोटी ४० लाख. म्हशी ५६ लाखांवर स्थिर.

समजा आपल्या त्या घरात आता एकच म्हैस उरली. १६५ किलोंवरून ५० वर, म्हणजे सत्तर टक्के घट. कोणत्याही अहवालात हे यश म्हणून छापता येईल. मी ते तसे छापू देणार नाही. चिखळणी बंद झालेली नाही, ती डिझेलवर होते, आणि त्याचा धूर वाहतुकीच्या नाही तर इंधनाच्या रकान्यात जातो. दूध बंद झालेले नाही, ते पिशवीतून घाटावरून येते, आणि त्याचा मिथेन दुसऱ्या जिल्ह्याच्या गाईच्या नावावर चढतो. भाताण बैलाच्या पोटात गेले नाही तर ते शेतात जळते किंवा पाण्याखाली कुजते, आणि कुजले तर मिथेनच करते. पेण-रोह्याने काही उत्सर्जन खरेच कमी केले, काही नुसते बाहेर ढकलले. हे दोन भाग वेगळे न करता तालुक्या-तालुक्यांची तुलना करणारा तक्ता मला अप्रामाणिक वाटतो.

तुलनेत काळाचा एक न्याय मात्र निसर्गच करतो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. १८८३ मध्ये मोजलेल्या बैलांनी सोडलेला मिथेन १९०० च्या सुमारास बहुतेक विरून गेला, त्याचा कार्बन पुन्हा गवतात शिरला. त्याच काळात मँचेस्टरच्या गिरण्यांनी जाळलेल्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड बऱ्याच प्रमाणात अजून डोक्यावर आहे. स्थिर कळप तापमानात दरवर्षी नवी भर फारशी घालत नाही, वाढता कळप घालतो. म्हणून जुन्या कुलाब्याच्या गुरांवर आजच्या तापमानवाढीचे ओझे टाकण्यात अर्थ नाही. आजच्या वाढत्या संकरित गोठ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. देशात १९५१ मध्ये ४ कोटी ३४ लाख म्हशी होत्या, २०१९ मध्ये जवळजवळ ११ कोटी. मिथेनची भारतीय वाढ शोधायची तर ती या म्हशींत आणि संकरित गाईंत शोधावी, नांगराच्या बैलांत नाही.

तेव्हा पेण-रोह्याचा तक्ता मी असा आखीन. नागोठण्यासह दोन्ही तालुके एक. खारेपाट आणि गोडी जमीन वेगळी. बैल व रेडे भाताच्या खात्यावर, दुभती दुधाच्या. सर्व वर्षांना २०१० चाच गुणक. शेजारी, बाहेरून आलेल्या दुधाचा आणि डिझेलचा रकाना. धनगरवाड्यांच्या म्हशींना मात्र जुन्या कोणत्याच मालिकेत स्वतःची जागा नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची नोंद पहिल्यांदाच स्वतंत्रपणे घ्यायचे ठरले. रोह्याच्या डोंगरातल्या म्हशींसाठी तिथून पुढे वेगळी ओळ मांडता येईल.